मूल वॉर्डात असताना पालकांनी बोलावं का, आणि बोललेलं पोचतं कसं

बदलापूरच्या एका आईने विचारलं आहे. तिच्या सात वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग आहे, आणि मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात आठ महिने उपचार चालू आहेत. वॉर्डातल्या काही गोष्टी तिला रोज खटकतात. पाठीतल्या इंजेक्शनच्या दिवशी मुलीला पहाटेपासून दुपारी दोन-दोन वाजेपर्यंत उपाशी ठेवतात, ही त्यातली सगळ्यात मोठी. आता तिथल्या इन-चार्ज सिस्टरनी पालकांचा गट करायचं ठरवलंय. महिन्यातून एकदा डॉक्टर, सिस्टर आणि पालक एकत्र बसणार, आणि तिलाही बोलावलंय. तिचे प्रश्न तीन: खरं बोलले तर त्याचा राग मुलीवर निघेल का? मी दहावी शिकलेली, माझ्या बोलण्याने तिथे काय बदलणार? आणि मुलगी आजारी असताना यात जीव घालावा का?

ताई, मी मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांत लहान मुलांच्या वॉर्डात सत्तावीस वर्षं काढली. त्यातली शेवटची अकरा परिसेविका म्हणून, म्हणजे तुम्ही जिला इन-चार्ज सिस्टर म्हणता ती. पालकांचा असा गट आमच्याकडेही होता. तो नीट चालायला दोन वर्षं लागली.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला गोड उत्तर देणार नाही. औषध कुणी मुद्दाम चुकवत नाही, ती भीती मनातून काढून टाका. पण सूर बदलतो. ज्या आईने काल वर जाऊन तक्रार केली, तिच्या खाटेपाशी सिस्टर आज कमी थांबते, कामापुरतं बोलते. मी हे पाहिलंय, आणि एकदा स्वतः केलंय. सलाईन संपलं तरी अर्धा तास कुणी आलं नाही, सिस्टर लक्ष देत नाहीत, असा अर्ज एका आईने माझ्याबद्दल थेट अधीक्षकांकडे दिला होता. त्या रात्री अडतीस मुलांमागे आम्ही दोघी होतो. मला इतका राग आला, की पुढचे चार दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिचं लेकरू तीन वर्षांचं होतं. ते चार दिवस मी अजून विसरलेले नाही.

पण त्याच प्रसंगातून मला पुढे फार मोठी गोष्ट कळली. अधीक्षकांनी मला जाब विचारला, मी खुलासा लिहून दिला, कागद फाइलला लागला आणि सलाईन त्यानंतरही रात्री संपतच राहिली. काही वर्षांनी गट सुरू झाल्यावर दुसऱ्या एका आईने तीच गोष्ट वेगळ्या रीतीने आणली. तिने वहीत लिहिलं होतं: मंगळवार, रात्री २ वाजता सलाईन संपलं, २.३० ला बदललं, तोवर नळीत रक्त चढलं होतं, सुई परत टोचावी लागली. शुक्रवार, रात्री २.१० ला तेच. आम्ही ते वाचून एकमेकींकडे पाहिलं. दोनचीच वेळ का? कारण रात्री दोनच्या अँटिबायोटिक्स बनवायला दोन्ही सिस्टर ट्रीटमेंट रूममध्ये असायच्या, आणि तिथून वॉर्ड दिसतच नव्हता. आम्ही औषधाची ट्रॉली बाहेर, वॉर्डाच्या मध्यावर आणली. खर्च काही नाही. पहिल्या अर्जातला माझा दोष खरा होता, पण खोली कुणालाच दिसली नव्हती. दुसऱ्या आईने कुणाचं नाव घेतलं नाही, फक्त वेळ लिहिली, आणि त्या वेळेने आम्हाला खोलीपर्यंत नेलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं: एक शंभरपानी वही घ्या. त्यात मत लिहू नका, घटना लिहा. तारीख, वाजले किती, काय झालं, मुलीचं त्यामुळे काय झालं. चांगलं झालं तेही लिहा. एखाद्या सिस्टरने एका टोचण्यात शीर पकडली, एखाद्या मामांनी स्ट्रेचर हळू नेलं, ते लिहिलं तर बैठकीत तुमच्या बाकीच्या गोष्टींकडेही लोक मोकळ्या मनाने बघतात. वॉर्डात आमची ड्युटी दर सात-आठ तासांनी बदलते, रेसिडेंट डॉक्टर काही महिन्यांनी दुसऱ्या युनिटला जातात, मोठे डॉक्टर राऊंडला दहा मिनिटं दिसतात. सकाळ, दुपार आणि रात्र सलग पाहणारं त्या खाटेपाशी फक्त तुम्ही असता. तुम्हाला जे दिसतं ते आमच्यातल्या एकीलाही पूर्ण दिसत नाही.

आता दुसरा प्रश्न, दहावीचा. त्यावर मला सविस्तरच लिहायचंय.

किमो घेणाऱ्या मुलाच्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप आला, तर तो साधा ताप नसतो, हे आठ महिन्यांत तुम्हाला पाठ झालं असेल. तापमान १००.४ च्या वर गेलं की निघायचं, आणि रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेत जायला हवा, हा जगभर धरला जाणारा हिशोब आहे. आम्हाला वाटायचं, आमच्याकडे तो पाळला जातो. आमच्या रजिस्टरात मूल वॉर्डात आल्याची वेळ असायची, आणि तिथून अर्ध्या तासात आम्ही खरंच डोस देत होतो. कळव्याचे एक रिक्षाचालक वडील होते, त्यांनी मात्र गेटपासून लिहिलं होतं. ११.४० गेट. ११.५५ केसपेपरची रांग. १२.२० कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी पाहिलं. १२.४५ रक्त घेतलं. मग ‘काउंट येऊ द्या’, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजल्याचा रिपोर्ट येऊ द्या, म्हणून बाकावर बसवलं. २.१० रिपोर्ट. २.३० वॉर्डात खाट तयार नाही, थांबा. ३.०५ वॉर्ड. ३.३० इंजेक्शन.

म्हणजे जवळजवळ चार तास. आम्ही ज्या अर्ध्या तासाची शेखी मिरवत होतो, तो शेवटचा तुकडा होता.

ते पान बैठकीत मोठ्याने वाचलं तेव्हा आमचे लेक्चरर आधी म्हणाले, ही एखादी वाईट रात्र असेल. वडील म्हणाले, मग आणखी लिहू. पुढच्या दोन महिन्यांत नऊ-दहा पालकांनी गेटपासूनच्या वेळा लिहून आणल्या, आणि ती एक रात्र नव्हती हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. मग जे बदललं ते असं: काउंटच्या रिपोर्टची वाट न पाहता पहिला डोस द्यायचा, तो कॅज्युअल्टीतच द्यायचा, आणि त्यासाठी ती औषधं कॅज्युअल्टीच्या कपाटात ठेवायची. केसपेपर मागून निघेल. प्रत्येक किमोच्या मुलाला एक लाल कार्ड द्यायचं, ते दाखवलं की रांग नाही. हे कागदावर सोपं दिसतं. कॅज्युअल्टीच्या लोकांचं म्हणणंही खोटं नव्हतं, त्यांच्याकडे अपघाताच्या केसेस ताटकळत असतात. पटवायला पाच महिने गेले.

कार्ड छापलं तेव्हा त्यावर सगळा मजकूर इंग्रजीत होता, डॉक्टरांसाठी. गटातली एक आई, लोकांकडे पोळ्या करायला जाणारी, कार्ड हातात घेऊन म्हणाली, "सिस्टर, रात्री आम्हाला पहिला भेटतो तो गेटवरचा वॉचमन. त्याला हे कसं कळणार?" आमच्यातल्या एवढ्या शिकलेल्या कुणालाही हे सुचलं नव्हतं. दुसऱ्या छपाईत वर मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदीत लिहिलं: ताप आहे, थांबवू नका, थेट कॅज्युअल्टीत सोडा. नंतर बहुतेक मुलांना तासाभरात, फार तर सव्वा तासात डोस मिळायला लागला. नवीन रेसिडेंट आले की पहिले काही आठवडे घसरतं, परत सांगावं लागतं. तेव्हा कार्डाची चौकशीही पालकच करतात.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. तुमच्या मुलीला पुढे घरी घ्यायच्या गोळ्यांचा मोठा टप्पा येईल, म्हणून नीट वाचा. सिक्स-एमपीची, म्हणजे मरकॅप्टोप्युरिन या रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाची, गोळी ५० मिलिग्रॅमची येते आणि लहान मुलाचा डोस त्यात बसत नाही. मग आठवड्यात काही दिवस पूर्ण गोळी, काही दिवस अर्धी, असा हिशोब करून देतात. दुसरं औषध मेथोट्रेक्सेट, ते मात्र आठवड्यातून एकदाच. आमच्याकडच्या एका मुलाच्या डिस्चार्ज कागदावर हे इंग्रजीत, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं. घरच्यांनी मेथोट्रेक्सेट सलग सहा दिवस रोज दिलं. मूल तोंडभर फोड घेऊन परत आलं, पाणी गिळता येत नव्हतं. त्याचा जीव वाचला, पण ते तीन आठवडे मी कधी विसरणार नाही. चूक आईची म्हणायची? तिला समजेल अशा रीतीने आम्ही सांगितलंच नव्हतं.

त्यावर उपाय सापडला तो अक्षरओळख नसलेल्या एका आईकडे. भिंतीवरचं कालनिर्णय ती ओपीडीत बरोबर घेऊन आली होती. पूर्ण गोळीच्या दिवशी मोठी लाल टिकली, अर्धीच्या दिवशी छोटी, आणि दर गुरुवारी मेथोट्रेक्सेटची हिरवी. दिल्यावर त्या टिकलीवर पेनाने रेघ. एकही दिवस चुकला नव्हता. आम्ही तिच्या पद्धतीचा तक्ता करून घेतला आणि डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने पालकांच्या समोर बसून टिकल्या लावायच्या असं ठरवलं. पालकाने परत आपल्या तोंडाने सांगायचं, मगच सही. याला पंधरा मिनिटं लागतात. गर्दीच्या दिवशी ती पंधरा मिनिटं मिळवणं हीच खरी लढाई आहे, आणि त्या लढाईत पालक आमच्या बाजूने उभे राहिले म्हणून ती पद्धत टिकली.

तेव्हा दहावीचा विषय तुमच्यापुरता मिटला असं समजा. काळजी मला उलटी आहे. अशा गटात ठाण्या-मुलुंडचे, नोकरीवाले, चार माणसांत बोलायची सवय असलेले पालक पटकन येतात. जालन्याहून, बीडहून, बिहार-बंगालमधून आलेली, दादरच्या गाडगेबाबा धर्मशाळेत किंवा सेंट ज्यूडच्या केंद्रात राहणारी माणसं येत नाहीत. वडिलांची एका दिवसाची मजुरी बुडते, आईला मुलाला सोडून उठता येत नाही, आणि चार डॉक्टरांसमोर तोंड उघडायचं धाडस होत नाही. आमचा गट पहिलं वर्षभर असाच एकांगी होता. पार्किंगवर दोन बैठका गेल्या. मग आमच्या समाजसेवा अधीक्षक बाईंनी बैठकीच्या आधीच्या आठवड्यात किमोच्या रांगेत बसून, मुलं झोपलेली असताना, आयांना दोनच प्रश्न विचारायला सुरुवात केली: या आठवड्यात कशाची भीती वाटली, आणि कुठे विनाकारण थांबावं लागलं. त्यातून जे निघालं त्यात पार्किंग नव्हतं. रात्री बाईमाणसाला जायला उजेडातलं संडास नाही, हे होतं. रक्त द्यायला माणसं आणा म्हणतात, पण आमचं गाव सातशे किलोमीटरवर आहे, हे होतं. तुम्ही गटात गेलात तर शेजारच्या खाटांवरच्या अशा आयांचं घेऊन जा. गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी संस्थेने द्यावी, हेही मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, डॉक्टर त्या बैठकीला पगारी वेळेतच येतात.

हे सगळं काही आमच्यापासून सुरू झालेलं नाही. एक काळ असा होता, की आजारी मूल आत आणि आई बाहेर, भेटायची वेळ ठरलेली. १९५२ साली लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण करून दाखवलं, तेव्हा अनेक डॉक्टर चिडले होते. १९५९ मध्ये तिथल्या सरकारी समितीने पालकांना भेटायला मोकळीक द्यावी असं सांगितलं. अहवाल आला म्हणून दारं उघडली नाहीत. १९६१ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागातल्या काही आयांनी गट काढला आणि पाठपुरावा करत राहिल्या, तेव्हा ती हळूहळू उघडली. आपल्याकडे सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. कमी दिवसांच्या बाळांना जगवायला आईचं, आणि दुसऱ्या आयांचं, दूध हे औषधच आहे, हे त्यातून मुंबईने पाहिलं. २०२१ मध्ये पाच देशांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. एक ते पावणेदोन किलोच्या बाळांना जन्मल्यापासून लगेच आईच्या छातीशी ठेवलं, त्यासाठी आयांच्या खाटाच नवजात अतिदक्षता विभागात आणल्या, आणि बाळांचे मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. केंद्र सरकारने २०१७ मध्येच नवजात विभागात कुटुंबाला सामील करून घेण्याच्या सूचना काढल्या आहेत. कुणी तुम्हाला ‘आई आत आली की जंतू आत येतात’ एवढंच सांगितलं, तर हे त्यांना सांगा. अर्थात हात धुऊन.

राऊंडचंही तसंच. उत्तर अमेरिकेतल्या सात बालविभागांत राऊंडची रीत बदलली. आधी पालकांना विचारायचं, सिस्टरला बोलू द्यायचं, साध्या भाषेत सांगायचं आणि दिवसाचा बेत लिहून द्यायचा. २०१८ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात मुलांना इजा करणाऱ्या चुका सुमारे ३८ टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. आपल्याकडे एका राऊंडला पन्नास मुलं असतात, तिथे हे जसंच्या तसं होणार नाही हे मला माहीत आहे. आमच्याकडे आम्ही एवढंच करू शकलो: राऊंड खाटेपाशी आला की पहिलं वाक्य आईचं. "रात्र कशी गेली?" एवढं विचारायला अर्धा मिनिट पुरतो.

एक गोष्ट मात्र बैठकीपर्यंत, वहीपर्यंत थांबवायची नाही. मूल डोळ्यांदेखत खालावतंय असं वाटलं, तर त्याच क्षणी बोलायचं. ‘जरा बघता का’ असं चाचरत नको. स्पष्ट म्हणा: "माझी मुलगी नेहमीसारखी नाही. मला काळजी वाटतेय. आत्ता तपासा." काय वेगळं आहे ते सांगा: हाक मारली तर बघत नाही, हातपाय गार आहेत, श्वास जोरात चाललाय, सकाळपासून लघवी नाही. सिस्टर म्हणाली डॉक्टर येतील, आणि आले नाहीत, तर परत जा. रेसिडेंट म्हणाले ठीक आहे आणि तुम्हाला तरी ठीक वाटत नाही, तर वरच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगा. तसं मागणं हा तुमचा अधिकार आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात २०१३ पासून यासाठी नियमच आहे, रायन नावाच्या जवळपास तीन वर्षांच्या मुलाच्या नावाने. इंग्लंडमध्ये २०२४ पासून मार्थाच्या नावाने आला, ती तेरा वर्षांची होती. दोघांचेही आईवडील सांगत होते की मूल बिघडतंय, आणि ऐकलं गेलं नाही. दोन्ही नियमांचा गाभा हाच, की पालक थेट वेगळ्या डॉक्टरांच्या पथकाला बोलावू शकतात. हे त्या पालकांनी मूल गेल्यावर लढून मिळवलं. तुमच्या गटाने पहिल्या वर्षात एकच गोष्ट मिळवायची असेल, तर मी म्हणेन, प्रत्येक खाटेवर लावलेला एक फोन नंबर मिळवा, जो रात्री तीन वाजताही वरिष्ठ डॉक्टर उचलतील.

मूल गेलेल्या पालकांबद्दल लिहायला मला जड जातं, पण वगळणार नाही. आमच्याकडे एक वडील मुलगा गेल्यावर आठ महिन्यांनी परत आले. मी घाबरले होते, वाटलं भांडायला आलेत. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मुलगा पहाटे तीनला गेला, तेव्हा कागदपत्रांसाठी त्यांना आधार कार्डाची झेरॉक्स आणायला सांगितली होती. पहाटे तीनला. ते बायकोला मुलापाशी सोडून बंद दुकानांसमोरून फिरत राहिले, दीड तास, आणि परत आले तेव्हा मुलाला खाली नेलं होतं. त्यांचं एकच म्हणणं होतं, दुसऱ्या कुणाला असं फिरायला लावू नका. त्या आठवड्यापासून भरतीच्या वेळीच झेरॉक्स घेऊन फाइलला लावायची पद्धत आम्ही सुरू केली, आणि मूल गेल्यावर आईवडिलांना पडदा लावून त्याच्यापाशी हवं तितकं बसू द्यायचं ठरवलं. ते नंतर तीन बैठकांना आले. चौथ्या वेळी म्हणाले, आता नाही जमणार सिस्टर, पायऱ्या चढताना छातीत धडधडतं. आम्ही त्यांना थांबवलं नाही. अशा पालकांना गटात कधी यायचं आणि कधी थांबायचं हे त्यांनीच ठरवायचं असतं. उपचार चालू असलेल्या मुलांच्या पालकांसमोर त्यांना बसवू नये, दोघांनाही त्रास होतो. हे आम्ही एकदा चुकून केलं होतं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नात, जीव घालावा का यात, एक धोका आहे तो ओळखून घ्या. पालकांची मदत म्हणता म्हणता काही ठिकाणी पालकांकडून काम करून घेतलं जातं. रक्ताचे नमुने लॅबला पोचवा, रिपोर्ट आणा, ट्रॉली ढकला. माणसं कमी आहेत हे खरं, मी स्वतः ते भोगलंय, पण तुमच्या मुलीला सोडून तुम्ही लॅबच्या रांगेत उभं राहणं म्हणजे वॉर्ड सुधारणं नव्हे. उलट गटाने हेच लिहून मागावं, की एका महिन्यात किती वेळा पालकांना नमुने घेऊन पाठवलं. तिला जेवू घालणं, तिची सेंट्रल लाइन (औषधासाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी) असेल तर ती ओली होऊ न देणं, तोंडाची काळजी, ताप मोजणं, हे शिकून घ्या आणि हक्काने करा. ते तुमचंच आहे.

आणि गटाची खूण कशी ओळखायची तेही सांगते. दुसऱ्या बैठकीला मागच्या बैठकीत सांगितलेल्या गोष्टींचं काय झालं, हे आधी सांगतात का? झालं नाही तर का झालं नाही, हे सांगतात का? सांगत असतील तर तिथे बसा. चहा-बिस्किटं, फोटो आणि ‘तुमच्या सूचनांचं स्वागत आहे’ एवढ्यावर संपत असेल, तर दोन बैठका बघा आणि तुमचा वेळ मुलीला द्या. तिथे न बोलता, अर्ज समाजसेवा अधीक्षकांमार्फत, तीन-चार पालकांनी मिळून सही करून द्या. एकट्याचं नाव पुढे नको. तुमच्या पहिल्या प्रश्नातली भीती त्याने अर्धी कमी होते. तुमच्या इन-चार्ज सिस्टरनी स्वतःहून बोलावलंय, त्यावरून मला वाटतं तुमच्याकडे ऐकायची तयारी आहे. तरी जायच्या आधी त्यांना एकट्यात विचारा, की मी बोलले आणि नंतर माझ्याशी कुणी वेगळं वागलं, तर मी तुम्हाला सांगू का? त्या ‘हो’ कशा म्हणतात त्यावरून कळेल.

मुलीचे काउंट उतरलेले असतील त्या आठवड्यात बैठकीला जाऊ नका. वही दुसऱ्या आईच्या हाती पाठवा.

आता उपाशी ठेवण्याचं. हे बदलता येण्यासारखं आहे, म्हणून पहिल्या बैठकीत हेच घ्या. पाठीतलं इंजेक्शन भूल देऊन देतात, म्हणून उपाशी ठेवतात. भूल देण्याआधी जेवण सहा तास बंद आणि साधं पाणी दोन तास बंद, असा सर्वसाधारण नियम आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला दूध चार तास आधीपर्यंत चालतं. मग पहाटेपासून दोनपर्यंत पाणीही बंद का? आमच्याकडे कारण असं निघालं, की यादी आदल्या दिवशी लागायची, पण नंबर लागायचा फाइल येईल तसा, म्हणून सगळ्यांनाच रात्री बारापासून ‘काही देऊ नका’ सांगून ठेवायचो. आम्ही सर्वांत लहान मूल आधी असा क्रम लावला, दोन गट केले, आणि दुसऱ्या गटाला सकाळी पाणी, साखरेचं पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञांकडून खाटेवर लिहून घेतलं. तुमच्याकडे कारण वेगळं असू शकेल. नियम तुमच्या मनाने बदलू नका, डॉक्टरांनी पाणी बंद सांगितलं असेल तर बंदच ठेवा, पोटात काही असताना भूल देणं खरंच धोक्याचं असतं. मुलीचं पुढचं पाठीतलं इंजेक्शन असेल त्या दिवसापासून लिहायला लागा: शेवटचा घास किती वाजता, शेवटचं पाणी किती वाजता, कुणी बंद सांगितलं, आणि नाव पुकारलं ती वेळ. शेजारच्या दोन खाटांवरच्या आयांनाही हेच लिहायला सांगा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांच्यासाठी तुम्ही लिहा.